जर्मनीतला पहिला रविवार

कोल्हापुरातून जर्मनीला जाणाऱ्या मुलामुलींना पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जड जातो तो रविवार. दुकानं कायद्यानंच बंद, रस्ते शांत, आणि महाद्वार रोडच्या गर्दीत वाढलेल्या जिवाला खोली खायला उठते. त्यामुळे रविवार आधीच ठरवून ठेवा.

१. दूध, भाजी, ब्रेड शनिवारीच आणा.

२. सकाळी बाहेर पडाच. रविवारी तिथली माणसं बागेत, नदीकाठी फिरताना दिसतात. दर रविवारी एकाच वाटेनं जा, चेहरे ओळखीचे होतात. समोरून नमस्कार आला तर उत्तर द्या.

३. दुपारी कांदा-लसूण मसाला घालून एक तरी भाजी करा, आणि शक्यतो कुणाला तरी जेवायला बोलवा. हे टाळू नका, एकट्यानं जेवणंच माणसाला जास्त खचवतं.

४. घरी फोन जेवणानंतर, ठरलेल्या वेळी. तिथले दुपारचे २ म्हणजे इथले उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात, हे आईला आधीच सांगून ठेवा.

सामान भरताना मसाला चालतो. पेढे, तूप किंवा सुकं मटण मात्र नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत.