तापाच्या औषधाची बाटली बदलली? मिलीही बदलतात

मुलांचं पॅरासिटामॉल एकाच ताकदीचं नसतं. सिरपच्या 5 मिलीमध्ये कधी 120 किंवा 125, कधी 250 मिलिग्रॅम औषध असतं. ड्रॉप्सच्या बाटलीत तर बहुतेकदा 1 मिलीतच 100. म्हणजे सिरप समजून 5 मिली ड्रॉप्स पाजले, तर बाळाच्या पोटात 500 मिलिग्रॅम गेले. 10 किलोच्या बाळाला एका वेळी साधारण 150 पुरतात! म्हणून डॉक्टरांकडून डोस मिलिग्रॅममध्येही लिहून घ्या आणि नवी बाटली घेताना केमिस्टकडून मिली पुन्हा विचारून घ्या. घरातला चमचा नकोच, बाटलीसोबतचं मापच वापरा. सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल असू शकतं, लेबल वाचा. आणि दिलेली वेळ फ्रिजवर लिहून ठेवा. आईने दिलेला डोस आजीही प्रेमाने पुन्हा देते.