कौलावर थरारनाट्य: आधी प्रश्न लिहा

भाकितावरचा मनोवैज्ञानिक थरार गोव्यात बेतायचा तर ज्योतिषी नको, देवळातला कौल घ्या. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. साधारणपणे उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देव एवढंच सांगतो. बाकी सगळं भाकीत विचारणाऱ्याच्या प्रश्नात असतं, आणि नेमका तिथेच अपराध लपवायचा.

म्हणून संहितेआधी तीन प्रश्न लिहून काढा. समजा, नायकाने मासळीच्या लोभाने खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतातल्या, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या वाटेच्या) दाराला पाचर मारली होती. हे लाकडी दार ओहोटीला आपोआप उघडतं आणि भरतीच्या दाबाने मिटतं. पाचरीमुळे ते मिटलं नाही, खारं पाणी आत शिरलं, बांध फुटला, शेजारचा पोर बुडाला. आता तो गाऱ्हाणं घालतो: घरावर संकट आहे? उजवी. पाण्याचं? उजवी. तिसरा प्रश्न असा हवा, की त्यातला एक शब्द फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असेल: ‘पाचर काढली तर टळेल?’ पाचरीबद्दल कोणी काही बोललेलंच नसतं. मागे पोराची आई उभी असते.

पंचेचाळीस मिनिटांच्या एकांकिकेत हा प्रवेश पहिल्या सात मिनिटांत उरका. पुढचं घड्याळ भरतीचं ठेवा: ती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. काल रात्री नऊला आली असेल तर आज दहाच्या सुमारास. नायक कालचीच वेळ धरून, नऊनंतर पाणी उतरू लागलं असं समजून, ते अजून चढत असताना पाचर काढायला उतरतो. भाकीत खरं होतं ते त्याच्या घाईमुळे. देवाला बोट लावायची गरज पडत नाही.

इथे हमखास फसतं ते भटजींना कपटी केल्याने. मग प्रेक्षक कट शोधत बसतो आणि नायकाची टोचणी सुटून जाते. भटजी कंटाळलेले असू द्या, दुपारच्या जेवणाची वेळ झालेली. लाल दिवे, स्वप्नं, मेलेल्या पोराची हाक, हे सगळं कापा.

पाकळी दहाव्या रांगेतून दिसत नाही. गर्भगृह विंगेत ठेवा आणि प्रकाश ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर. बंद नाट्यगृहात पाकळी पडण्याआधी चार सेकंदांची शांतता पुरते. जत्रेच्या उघड्या मंचावर मात्र ती फेरीवाल्यांच्या गलक्यात हरवते. तिथे आधी घंटा अखंड वाजू द्या आणि एकदम तोडा.

शेवटी आईला कबुली ऐकवू नका. तिच्या हातात ओली पाचर द्या आणि पडदा पाडा.