गहू सोडण्याआधी

सिलिअ‍ॅकची (गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) शंका आली की त्याच दिवशी गहू बंद करावासा वाटतो. तेवढं मात्र करू नका. रक्तातल्या टीटीजी-आयजीए अँटिबॉडी (या आजारात वाढणारी प्रथिनं) काय किंवा लहान आतड्याच्या अस्तराला झालेली इजा काय, ग्लुटेन पोटात जात असेल तरच नीट दिसते. आधीच पथ्य धरलं तर रिपोर्ट खोटा दिलासा देतो आणि निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खायची वेळ येते. म्हणून रक्ततपासणी आणि बायोप्सी (आतड्याच्या अस्तराचा नमुना काढून तपासणं) उरकेपर्यंत नेहमीचंच जेवण. रक्त देताना एकूण आयजीएही (अँटिबॉडींचा एक प्रकार) मोजायला सांगा; ते मुळातच कमी असेल तर टीटीजी निगेटिव्ह येऊन फसवतं.

डॉक्टरांकडे जाताना त्रास लिहून न्या, तोही फक्त पोटाचा नाही. लोहाच्या गोळ्यांनीही न हटणारा अ‍ॅनिमिया, तोंड येणं, कोपर-गुडघ्यांवरचं खाज सुटणारं पुरळ, मुलाची खुंटलेली उंची, हे सगळं याच आजाराचं असू शकतं. जुलाब एकदाही झाले नसले तरी.

निदान पक्कं झालं की मोर्चा स्वयंपाकघराकडे. गहू, बार्ली आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) कायमचे बाहेर. माल्ट बार्लीचंच, तेही गेलं. ओट्स ग्लुटेनमुक्त म्हणून विकले जाणारेच घ्या आणि तेही डॉक्टरांना विचारून. खरी मेख भांड्यांत आहे. पिठाची चाळणी, लाकडी पोळपाट, टोस्टर कितीही घासा, पीठ अडकून राहतंच, तेव्हा या वस्तू वेगळ्या ठेवा. जॅमच्या बरणीत दुसऱ्याचा ब्रेडला लागलेला चमचा जातो, म्हणून बरणीही आपली. घरच्यांना हा सोवळेपणा वाटेल, वाटू द्या. ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थांची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लुटेन आहे. त्यापुढे चिमूटभर पीठ म्हणजे बरंच झालं. पाकिटावरचा ‘गहूमुक्त’ हा शब्द पुरेसा नाही, आत बार्ली असू शकते. औषधांच्या गोळ्यांतल्या स्टार्चबद्दल फार्मासिस्टला विचारा.

लोह, फोलेट, बी-12, ड जीवनसत्त्व आणि मोठ्यांमध्ये हाडांची घनता यांच्या तपासण्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. सुरुवातीला दूध पचत नसेल तर घाबरू नका, अस्तर भरून आलं की बहुधा पचू लागतं. टीटीजीची पुढची तारीख साधारण सहा महिन्यांनंतरची आत्ताच घेऊन ठेवा. आई-वडील, भावंडं आणि मुलांनाही तपासायला सांगा, त्रास नसला तरी. आणि हो, त्यांनीही तोवर गहू सोडू नये.