पंपाचा टायमर लिहिताना कंस आधी शिका

आयटीआय किंवा डिप्लोमा करून विजेच्या कंट्रोल पॅनेलच्या कामाला लागलेल्या मुलांना मी आधी सोसायटीच्या पंपाचं लॉजिक लिहायला सांगतो. मुंबईत पालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, खालच्या टाकीत साठतं आणि पंपाने गच्चीवर चढवलं जातं. प्रोग्रॅमेबल टायमर, म्हणजे आपण लिहून दिलेल्या नियमांप्रमाणे पंप किंवा दिवे चालू-बंद करणारं यंत्र, शिकायला याहून चांगलं काम नाही.

कीपॅडला हात लावण्याआधी साध्या मराठीत लिहा: वरची टाकी रिकामी झाली की पंप सुरू, भरली की बंद, खाली पाणी नसेल तर सुरूच नको. मग इनपुट, म्हणजे टायमरला मिळणारे हो-नाही असे संकेत, ठरवा. आय1 म्हणजे वरची टाकी रिकामी, आय2 वरची अजून भरलेली नाही, आय3 खाली पाणी आहे. क्यू1 हा आउटपुट, म्हणजे पंप. अँड म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या हव्यात, ऑर म्हणजे एक खरी असली तरी पुरे.

क्यू1 = (आय1 ऑर क्यू1) अँड आय2 अँड आय3

उजवीकडे पुन्हा क्यू1 दिसला की नवी मुलं बुचकळ्यात पडतात. ते होल्डिंग आहे, म्हणजे एकदा सुरू झालेला पंप स्वतःलाच चालू धरून ठेवतो. स्टार्ट बटणाला समांतर कॉन्टॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचचा) एनओ, म्हणजे एरवी उघडा असणारा संपर्क, जोडतो, तेच. पाणी चढू लागलं की आय1 सुटतो (शून्य होतो), तरी टाकी भरेपर्यंत पंप चालू राहतो.

आता कंस काढून बघा. बहुतेक टायमर अँड आधी सोडवतात, ऑर नंतर. मग एकटा आय1 पंप चालवायला पुरतो. मे महिन्यात दोन्ही टाक्या कोरड्या पडल्या की पंप कोरडाच फिरणार आणि त्याचं सील जळणार. एवढ्यासाठी तरी आय1, आय2, आय3 आणि क्यू1 यांच्या सगळ्या 16 शक्यतांचा तक्ता कागदावर मांडाच.

आय2 'भरली' असा न घेता 'भरलेली नाही' असा घेतलाय, तो मुद्दाम. फ्लोटची (पाण्यावर तरंगणाऱ्या स्विचची) वायर तुटली तर इनपुट शून्य होतो आणि पंप थांबतो. उलट घेतला असता तर उंदराने वायर कुरतडल्यावर गच्चीवरून पाणी वाहत राहिलं असतं.

जिन्यातले दिवे 19:00 ते 06:00 लावायचे असतील तर '19:00 नंतर अँड 06:00 आधी' लिहून ते कधीच लागणार नाहीत. घड्याळात दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या नसतात. मध्यरात्र ओलांडली की ऑर. दिवसाच्या वेळेला मात्र अँडच.

मोटर टायमरच्या रिलेवर (आतल्या स्विचवर) थेट जोडू नका, मध्ये कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा रिले) हवाच. आणि पॅनेल ताब्यात देण्याआधी सप्लाय बंद करून एकेका इनपुटची वायर काढा, पुन्हा सप्लाय देऊन पंप काय करतो ते सोसायटीच्या माणसासमोर तपासा.