बीमवरची ताकद आणि पॉमेलवरचं कौशल्य: जिम्नॅस्टिक्स शिकवायला येणाऱ्यांसाठी

जिम्नॅस्टिक्सचं प्रशिक्षण हेच करिअर करायचं म्हणणारी मुलंमुली भेटली की पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: आधी बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करू की थेट पटियालाची राष्ट्रीय क्रीडा संस्था गाठू? त्याचं उत्तर पुढे देते. त्याआधी मी त्यांना एक काम सांगते. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतलं पुरुषांचं रिंग्सचं (टांगलेल्या दोन कड्यांवरचं) एक रूटीन आणि महिलांचं बीमचं (अरुंद तुळईवरचं) एक रूटीन लागोपाठ पाहा, आणि कुठे कुठे ताकद लागली ते वहीत लिहून आणा. रिंग्सखाली पानभर मजकूर येतो. बीमखाली ‘तोल’, ‘लवचिकता’, ‘सुंदर’ एवढंच. मी खेळत होते तेव्हा प्रेक्षक हेच म्हणायचे, आता शिकवते तेव्हा पालक हेच म्हणतात. प्रशिक्षकाची नजर मात्र इथे थांबून चालत नाही, कारण जी ताकद दिसत नाही ती तुम्ही मुलीला शिकवणार नाही, आणि जे कौशल्य दिसत नाही ते मुलाला शिकवणार नाही.

पुरुषांकडे ताकद आणि महिलांकडे नाजूकपणा, हा समज नुसता लोकांच्या डोक्यातून आलेला नाही. खेळाची रचनाच तशी आहे. पुरुषांचे प्रकार सहा: फ्लोअर, पॉमेल हॉर्स (वर दोन मुठी असलेला घोडा), रिंग्स, व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून उडी), पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार. महिलांचे चार: व्हॉल्ट, अनइव्हन बार (कमीजास्त उंचीचे दोन बार), बीम आणि फ्लोअर. पुरुष 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून खेळताहेत. महिलांना सांघिक स्पर्धेत 1928 साली ॲमस्टरडॅमला जागा मिळाली आणि वैयक्तिक पदकांसाठी थेट 1952 च्या हेलसिंकीपर्यंत थांबावं लागलं. रिंग्सवर क्रॉस (दोन्ही हात आडवे पसरून अधांतरी थांबणं) धरला की दोन सेकंद हलायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे ताकद थांबवून दाखवायची. दंड थरथरतात, कॅमेरा जवळ जातो, बघणाऱ्याला काय चाललंय ते लगेच कळतं. महिलांच्या फ्लोअरला संगीत आहे, वेळ 90 सेकंद. फ्लोअर आणि बीमवर सादरीकरणासाठी पंच वेगळे गुण कापतात. कष्ट झाकणं हाच तिथे कामाचा भाग. पुरुषांच्या फ्लोअरला संगीत नसतंच. एकाच खेळाच्या दोन बाजूंना दोन वेगळे पोशाख चढवावेत तसं हे आहे, आणि बघणारा पोशाखावरूनच मत बनवतो.

आता बारवरची किप, म्हणजे झोक्यातून बारवर चढणं, घ्या. महिलांच्या बारवरची ही अगदी पायाभूत गोष्ट, तरी नवीन मुलीचे महिनोन्‌महिने जातात तिच्यात. मुलगी लो बार पकडून झोका घेते, शरीर पुढे पूर्ण ताणलं जातं, परतीच्या झोक्यात घोटे झटकन बारपाशी यावे लागतात. मग सरळ हातांनी बार जणू पायांवरून कमरेपर्यंत ओढून घ्यायचा आणि वर सपोर्टमध्ये, म्हणजे बारवर सरळ हातांच्या आधाराने, यायचं. कोपर वाकला की गुण गेले. पाठीचे रुंद स्नायू, पोट, खांदे, सगळं एका क्षणात लागतं, आणि घोटे एवढ्याश्या उशिराने आले तरी मुलगी बारखाली लोंबकळत राहते. प्रेक्षागृहात मात्र याची नोंद ‘बारवर चढली’ एवढीच होते. बीमवर कधी कधी मुली उडी न मारता हात टेकवून, पाय हळूहळू उचलत हँडस्टँडमध्ये, म्हणजे हातांवर उलटं उभं राहण्यात, जातात. बीम 10 सेंटिमीटर रुंद, 5 मीटर लांब, जमिनीपासून 1.25 मीटर उंच. तो प्रेस हँडस्टँड रिंग्सवर असता तर टाळ्या पडल्या असत्या. बीमवर पडतात त्या ‘किती नाजूक’ म्हणून.

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण दीपा कर्माकर. 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत व्हॉल्टचं कांस्य आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. रिओत तिची सरासरी 15.066 होती, कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरची 15.216. फरक 0.150 गुणांचा. त्या वेळी वाहिन्यांवर ती मारायची त्या प्रोडुनोव्हा व्हॉल्टचं नाव घेतलं की ‘जीवघेणा’ हा शब्द हमखास यायचा. घरोघरी लोक श्वास रोखून बघत होते, ते ठीकच. पण ही मुलगी किती बलवान आहे, हे कितीजण बोलले? प्रोडुनोव्हात धावत येऊन हात टेकवून पुढे उसळायचं आणि पायांवर येण्याआधी पुढच्या दिशेने दोन पूर्ण समरसॉल्ट घ्यायच्या. पुढे फिरताना जमीन उशिरा दिसते, त्यामुळे उतरताना नजरेचा आधार जवळजवळ नाही. दुसरी समरसॉल्ट पुरी व्हायला टेबलावरून प्रचंड उंची मिळावी लागते. ती उंची मांड्यांमधून, धावेच्या वेगातून आणि खांद्यांनी टेबलाला दिलेल्या धक्क्यातून येते. धाडस त्यानंतर. दीपाने तो व्हॉल्ट मारला यात तिच्या आणि बिश्वेश्वर नंदी सरांच्या कित्येक वर्षांच्या ताकदीच्या कामाचा हिशेब आहे, आणि ‘हिंमतवान पोरगी’ म्हणून तो पुसला गेला याचं मला आजही वाईट वाटतं. सिमोन बाइल्सच्या बाबतीत जगाने हे थोडं तरी सुधारलं. तिची उंची 142 सेंटिमीटरच्या आसपास. 2021 मध्ये स्पर्धेत युरचेन्को डबल पाइक (पाय सरळ ठेवून मागच्या दिशेने दोन समरसॉल्टचा व्हॉल्ट) करणारी ती पहिली महिला ठरली, आणि तेव्हा लोक उघडपणे तिच्या ताकदीबद्दल बोलू लागले.

मुलांच्या बाजूला हेच उलट होतं. व्यायामशाळेत दंड-बैठका काढलेला, पुलअप्स सहज मारणारा मुलगा येतो आणि त्याला वाटतं निम्मं काम झालं. त्याला मशरूमवर (पॉमेलच्या सरावाचं छत्रीसारखं गोल बुटकं साधन) सर्कल करायला सांगा. हातांवर शरीर गोल फिरवायचं, पाय जोडलेले, एक हात उचलायचा तेव्हा सगळा भार दुसऱ्या मनगटावर. पहिल्या दिवशी अर्धं सर्कलही होत नाही. आमच्या हॉलमध्ये छताला दोरीने बादली टांगलेली आहे, पाय तिच्यात ठेवून मुलं फिरतात, तेव्हा कुठे हात कधी उचलायचा ते अंगात भिनतं. पॉमेल हॉर्सवर मोठे दंड फारसे कामी येत नाहीत, ताल कामी येतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा स्टीफन नेडोरोस्चिक चष्मा काढून पॉमेलवर गेला आणि जगभर प्रसिद्ध झाला, तेव्हा कितीतरी लोकांनी हा प्रकार बहुधा पहिल्यांदाच लक्ष देऊन पाहिला. रिंग्सवरसुद्धा रूटीनचा मोठा भाग झोक्याचा असतो: झोक्यातून हँडस्टँडमध्ये येऊन रिंग्स न हलवता थांबणं. हे बघायला डोळा तयार व्हावा लागतो. जपानच्या कोहेई उचिमुराने 2009 ते 2015 या काळात सलग सहा जागतिक ऑल-अराउंड (सगळ्या प्रकारांची मिळून) विजेतेपदं आणि 2012, 2016 ची ऑलिंपिक सुवर्णं जिंकली. त्याची रूटीन्स पाहा. जोर कुठे लावला ते सापडतच नाही इतकं सगळं स्वच्छ.

हे सगळं तुम्हाला पालकांसमोर रोज वापरावं लागेल. मुलीची आई विचारते, ‘उंची खुंटणार नाही ना? खांदे मुलांसारखे होणार नाहीत ना?’ उंचीबद्दल शांतपणे सांगा: जिम्नॅस्टिक्समुळे प्रौढपणीची उंची कमी होते असा ठोस पुरावा अभ्यासांतून पुढे आलेला नाही. लहान चणीच्या शरीराला हवेत फिरणं सोपं जातं, म्हणून बुटकी मुलं या खेळात टिकतात आणि वर दिसतात. खांद्यांबद्दल मी आढेवेढे घेत नाही. ‘हो काकू, खांदे मजबूत होणार, त्यांच्यावरच ती उभी राहणार आहे,’ असं सांगते. मुलाचे वडील विचारतात, ‘हे मुलींचं नाही का?’ महाराष्ट्रात त्यांना मल्लखांब माहीत असतो, म्हणून मी तिथून सुरुवात करते. पुरलेल्या खांबावर जे मुलगे करतात ते त्यांना मर्दानी वाटतं, आणि दोरीच्या मल्लखांबावर मुली जे करतात ते ‘छान’ वाटतं, पण पकड आणि पोट दोन्हीकडे तेवढंच लागतं. मल्लखांबातून आलेली मुलं धीट असतात, पोट घट्ट असतं. त्यांची ताकद ओढण्याची आणि आवळण्याची असते. जमिनीला किंवा बारला ढकलून खांद्यातून उंच होण्याची ताकद मात्र त्यांना नव्याने शिकवावी लागते. हे ठाऊक असेल तर पहिले काही महिने वाया जात नाहीत.

वयाचा प्रश्न आला की जास्त सावध राहा. आंतरराष्ट्रीय सीनियर गटात खेळायला महिलांना त्या वर्षी 16 आणि पुरुषांना 18 पूर्ण लागतात. मुलांची खरी ताकद वयात आल्यावर येते. दहा वर्षांच्या मुलाला क्रॉस धरायला लावून व्हिडिओ काढणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत, आणि मला ते पाहवत नाही. वाढत्या वयात मनगटाच्या हाडांच्या वाढीच्या जागा नाजूक असतात, मनगट दुखतं म्हणणाऱ्या मुलाला ‘रडू नकोस’ म्हणणं हा गुन्हा समजा. मुलींच्या बाबतीत वयात येताना वजन आणि शरीराचा समतोल बदलतो, येणाऱ्या गोष्टी काही काळ जातात. ‘जाड झालीस’ हे शब्द तोंडातून कधीच निघता कामा नयेत, आणि पाळी थांबली तर डॉक्टर गाठायचा. मुलगी सोळाव्या वर्षी संपते असं कुणी म्हणालं तर ओक्साना चुसोवितिनाचं नाव सांगा: 2008 मध्ये 33 व्या वर्षी व्हॉल्टचं ऑलिंपिक रौप्य आणि टोकियोत, 46 व्या वर्षी, आठवं ऑलिंपिक.

पोशाखाबद्दलही बोलावंच लागतं. लिओटार्डमुळे, म्हणजे पाय उघडे राहणाऱ्या अंगाला चिकटून बसणाऱ्या पोशाखामुळे, कित्येक घरांतून मुलगी येतच नाही. टोकियोत जर्मनीच्या महिला संघाने पायघोळ युनिटार्ड (घोट्यापर्यंत पाय झाकणारा अखंड पोशाख) घालून स्पर्धा केली होती, ते नियमात बसतं. पहिल्याच भेटीत घरच्यांना तेवढं सांगितलं तरी दार उघडतं. मूल कसरत करताना त्याला आधार द्यायला हात लावावाच लागतो. त्यामुळे कुठे, कसा हात लागेल हे आधी मुलाला आणि पालकांना दाखवायचं, आणि कुठल्याही मुलासोबत हॉलमध्ये एकटं थांबायचं नाही. अमेरिकेच्या संघाच्या डॉक्टरने शेकडो मुलींचं शोषण केलं आणि 2018 मध्ये त्याला शिक्षा झाली. इतकी वर्षं ते झाकलं गेलं कारण मुलींनी सोसायचं असतं, असा समज त्या खेळात मुरला होता.

आता अभ्यासाचं. शाळेत नोकरी हवी असेल तर बी.पी.एड. हवंच. पण त्यात जिम्नॅस्टिक्सला वेळ थोडा मिळतो, तेवढ्यावर क्लबमध्ये शिकवायला उभं राहू नका. पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम हा देशातला मानाचा रस्ता. तिथे खेळाची पार्श्वभूमी बघतात, त्यामुळे खेळत असतानाच आपली स्पर्धांची प्रमाणपत्रं नीट जपून ठेवा. खेळाडू म्हणून फार वर गेला नसाल तर सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चाचपून बघा. आंतरराष्ट्रीय महासंघाचे टप्प्याटप्प्याचे अकॅडमी कोर्स नंतर. या सगळ्याच्या आधी, माझं आग्रहाचं सांगणं, पंचांचा कोर्स करा. 2006 पासून गुण दोन भागांत मिळतात: काठिण्याचे वेगळे, आणि सफाईचे दहातून कापत येणारे. पडलं की पूर्ण एक गुण गेला. नियमावली दर ऑलिंपिकच्या चक्रात बदलते आणि महासंघाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. पुरुषांची आणि महिलांची दोन वेगळी पुस्तकं आहेत, दोन्ही वाचा. ताकदीला कुठे मोल आहे, कुठे ती गृहीत धरली आहे, हे ओळीओळीतून दिसतं.

साधनांकडेही असंच बघा. पुरुषांच्या हॉरिझॉन्टल बारचा दांडा 28 मिलिमीटरचा पोलादी, महिलांच्या बारचा 40 मिलिमीटरचा. जाड दांड्यावर लहान हाताची पकड लवकर सुटते, त्यामुळे ग्रिप (हातावर बांधायचे चामडी पट्टे) वेगळ्या, हात फाटण्याची जागा वेगळी, पकडीचे व्यायामही वेगळे. मुलींच्या बॅचला पकडीचा व्यायाम नसेल तर आधी तो सुरू करा.

कामाला लागताना पहिली काही वर्षं सहायक म्हणूनच जातात, पगार बेताचा असतो, संध्याकाळ सगळी हॉलमध्ये जाते. शाळेची नोकरी आणि संध्याकाळी क्लब अशी जोडी बहुतेक जण सांभाळतात. त्या काळात एक गोष्ट मुद्दाम मागून घ्या: आपल्या नेहमीच्या गटाऐवजी दुसऱ्या गटाबरोबर काही महिने. मुलगी असाल तर मुलांच्या पॉमेलपाशी, मुलगा असाल तर बीमपाशी. क्लबचे मुख्य सर किंवा मॅडम हे आपणहून देत नाहीत, पण सकाळच्या बॅचला माणसं कमी असतात, तिथे विचारलंत तर नाही म्हणणार नाहीत.