टीम परदेशी साइटवर, तिथे लढाईचं वातावरण तापतंय: ठिबक प्रकल्पाची तयारीची यादी

जळगाव, धुळे, शहाद्याकडून ठिबक बसवायला बाहेरदेशी जाणारी टीम छोटीच असते. एक डिझाइन इंजिनिअर, एक साइट इंजिनिअर आणि पाच-सहा फिटर. सगळा प्रकल्प या सात-आठ जणांच्या डोक्यात आणि हातात असतो, म्हणून तयारीला सुरुवात तिथल्या बातम्यांपासून करू नका. इथे ऑफिसात एक कागद घ्या आणि कोणतं काम कोणत्या एकाच माणसाला येतं ते लिहून काढा. कंट्रोलरचं (पाणी-खत आपोआप सोडणाऱ्या यंत्राचं) प्रोग्रामिंग, व्हॉल्व्हचं प्रेशर सेटिंग, पंपाच्या पॅनलची वायरिंग, तिथल्या कस्टम एजंटशी बोलणं, असं सगळं. प्रत्येक नावापुढे दुसरं नाव लागतंच, आणि तो दुसरा माणूस जळगावात असला पाहिजे. दोघंही एकाच कॅम्पवर राहत असतील तर रस्ता बंद झाल्यावर दोघंही एकदमच अडकतात.

पाइपची चारी बुजवण्याआधी प्रत्येक जोडाचा आणि वळणाचा फोटो, खोली आणि लोकेशनसह, त्याच संध्याकाळी इकडे आला पाहिजे. कंट्रोलरच्या प्रोग्रामचा बॅकअप आठवड्यातून एकदा, आणि बदल केला की लगेच. इंटरनेट नीट चालतंय तोवरच हे होतं. बंद होताना ते कुणाला विचारून बंद होत नाही.

ही व्यवस्था खरी की कागदावरची, हे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कळतं. निम्मी टीम सुटीवर गावी आली की उरलेल्यांनी आणि जळगावच्या ऑफिसने मिळून आठवडाभर साइट चालवून दाखवावी. सुटीवरच्या माणसाला फोन करायचा नाही. जिथे अडेल ते काम यादीत सगळ्यात वर घ्या.

आता माणसं. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ला लढाई पेटली आणि पहिल्याच दिवशी खार्तूमचा विमानतळ बंद पडला. आपल्या लोकांना परत आणायचं भारताचं ऑपरेशन कावेरी २४ एप्रिलला सुरू झालं. लोकांना आधी बसने सुमारे ८५० किलोमीटरवरच्या पोर्ट सुदानला जावं लागलं, तिथून जहाजाने किंवा विमानाने जेद्दा आणि मग भारत. म्हणजे नऊ-दहा दिवस माणूस जिथे होता तिथेच, आपल्याजवळ होतं त्यावर. म्हणून साठा १२ दिवसांचा धरा. पिण्या-रांधण्याला माणशी रोज ५ लिटर, म्हणजे ८ जणांना ४८० लिटर, २० लिटरचे २४ जार. पीठ, डाळ, तांदूळ, तेल, मीठ त्याच हिशेबाने. रांधायला गॅससोबत दुसरी सोय हवी. बीपी-शुगरच्या गोळ्या माणशी महिन्याभराच्या. तिथे बसभाडं आणि इंधनाचे दर काही दिवसांत अनेक पटींनी चढले होते, म्हणून माणशी निदान ५०० डॉलर रोख आणि त्यात छोट्या नोटा जास्त. जुन्या मालिकेच्या किंवा फाटक्या नोटा बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, तेव्हा इथूनच बघून न्या.

पासपोर्ट ज्याचा त्याच्याजवळ. स्थानिक ठेकेदार किंवा एजंट तो ‘सांभाळायला’ मागतो, आणि गोंधळ उडाला की त्याचा फोन लागत नाही. सही-शिक्क्यासाठी दिला तर परत कधी मिळणार ते लिहून घ्या. पोचल्या आठवड्यात भारतीय दूतावासात सगळ्यांची नोंदणी करा. पासपोर्ट गेलाच तर दूतावास परतीपुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, आणि त्यासाठी झेरॉक्स व फोटो वेगळ्या पिशवीत असले तर बरंच सोपं जातं. सॅटेलाइट फोन तिथे परवान्याशिवाय वापरू नका आणि भारतात तर आणूच नका. इथे विनापरवाना थुराया किंवा इरिडियम कंपनीचा असा फोन सापडला तर विमानतळावरच अटक होऊ शकते.

निघायचं कधी, हे शांतता असतानाच लिहून ठेवा. दूतावासाने अनावश्यक प्रवास टाळा म्हटलं की नवीन माणूस पाठवायचा नाही आणि ज्याचं काम संपत आलंय तो परत. विमानं रद्द व्हायला लागली किंवा बँकेतून पैसे काढण्यावर मर्यादा आली की सगळे परत. गोळीबार सुरू झाल्यावर मात्र हलायचं नाही, दूतावास सांगेल त्याच रस्त्याने निघायचं. आणि निघण्याचा निर्णय साइट इंजिनिअरचा, ऑफिसला तो अडवता येणार नाही, हे मालकाच्या सहीने लिहून द्या. सगळ्यात जास्त घात करतं ते ‘बिलाचा तेवढा टप्पा उरकू’ हे वाक्य. चार दिवस त्यातच जातात, आणि विमानतळ तेवढा वेळ उघडा राहत नाही.

साइट सोडायला २ तास मिळाले तर क्रम असा ठेवा. खताची टाकी बंद करून १५-२० मिनिटं नुसतं पाणी सोडा, नाहीतर लॅटरलमध्ये (पिकाच्या ओळीतल्या बारीक नळीत) राहिलेलं खत वाळून ड्रिपर चोंदतात. सँड फिल्टर उलट धुऊन रिकामा करा. सबमेनचे (लॅटरलना पाणी देणाऱ्या पाइपचे) फ्लश व्हॉल्व्ह आणि लॅटरलच्या एंड कॅप उघडून पाणी काढा. ॲसिडचे कॅन कुलूपबंद करा. उघड्यावरचे पीव्हीसी पाइप मातीखाली किंवा ताडपत्रीखाली घ्या, उन्हात ते वाकतात आणि ठिसूळ होतात. कंट्रोलरचं मेमरी कार्ड खिशात घ्या. वेळ १० मिनिटंच असेल तर फक्त ॲसिड आणि कार्ड.

पैशाची बाजू थोडक्यात. करारातल्या अनपेक्षित आपत्तीच्या कलमात नोटीस किती दिवसांत द्यायची ते बघा आणि मसुदा आजच तयार ठेवा. साध्या विम्यात युद्ध बहुधा वगळलेलं असतं. ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचं संरक्षण राजकीय जोखमीला लागू होतं, पण ते आधीच घ्यावं लागतं. ईसीआर पासपोर्टवाल्या (कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी लागणाऱ्या) फिटरला सुदान, इराक, जॉर्डनसह १८ देशांसाठी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरची मंजुरी लागते, आणि त्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा अपघात विमाही.

बदली टीमचं सगळ्यात जास्त अडतं ते पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीपाशी. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी ती लागते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, म्हणून इथल्या राखीव चौघांना आत्ताच देऊन ठेवा.

घरच्यांसाठी ऑफिसातला एकच माणूस आणि एकच नंबर ठेवा. त्याला अहिराणी यायला हवी, कारण चोपड्याची किंवा साक्रीची माय घाबरली की अहिराणीतच विचारते. रोज सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी फोन. बातमी नसली तरी फोन करायचाच.