शेजाऱ्यांचा चावरा कुत्रा अंगणात शिरत असेल तर
कुत्रा अंगणात दिसताच पळू किंवा ओरडू नये. त्याच्या डोळ्यांत न पाहता आणि त्याला पाठ न दाखवता हळूहळू मागे सरत घरात यावे, मुलांना मात्र आधी आत घ्यावे. पुढे कुंपणातली फट बुजवावी, खरकटे उघड्यावर टाकू नये आणि शेजाऱ्यांशी शांतपणे बोलावे. भांडणाचा सूर लागला की मूळ विषय बाजूलाच राहतो. तरीही कुत्रा मोकळा सुटत असेल, तर तारखेसह छायाचित्रे जोडून ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजी राहून माणसाच्या जिवाला किंवा शरीराला धोका निर्माण करणाऱ्या मालकास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, त्यामुळे पोलिसांकडेही जाता येते. कुत्र्याला विष घालणे हा मात्र आपलाच गुन्हा ठरेल. चावा बसल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद किंवा चुना लावू नये आणि ‘आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे’ या मालकाच्या आश्वासनावर विसंबून न राहता त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी.